गाडीचे दार जड झाले? आधी बिजागरीकडे पाहा

श्रावण सरत आला की गोव्यातील शहरांतल्या गाड्या मूळ गावांच्या दिशेने वळू लागतात. पेडणे, सत्तरी, काणकोणकडे निघालेल्या गाडीत माटोळीचे सामान, नेवऱ्यांचे डबे आणि घरातली वडीलधारी माणसे दाटीवाटीने बसतात. चवथीच्या आदल्या संध्याकाळी गाडी अंगणात थांबते, मुले उड्या मारून उतरतात. मागच्या आसनावरच्या आजी मात्र आतच राहतात. दार बिघडलेले नसते. ते उघडते, पण त्यांच्या हाताला दाद देत नाही. मग कोणीतरी बाहेरून येऊन ते ओढतो, करकर असा लांबलचक आवाज होतो, ‘गाडी जुनी झाली आता’ असे म्हटले जाते आणि विषय तेथेच संपतो.

वास्तविक तो तेथून सुरू व्हायला हवा. जड झालेले दार ही केवळ गैरसोय नाही. आमच्या घरी हे ध्यानात यायला एक प्रसंग घडावा लागला. बाबांच्या बाजूचे दार कित्येक महिने घट्ट झाले होते आणि ते खांद्याने रेटून उघडण्याची त्यांना सवय लागली होती. एकदा बाजारपेठेतल्या रस्त्याकडेला गाडी उभी करून त्यांनी नेहमीप्रमाणे रेटा दिला. दार क्षणभर अडले आणि मग एकदम सुटून पूर्ण उघडले. मागून येणाऱ्या स्कूटरस्वाराने वेळीच हँडल वळवले म्हणून अनर्थ टळला. दार हलके असते तर बाबांनी ते चार बोटे उघडून आधी मागे पाहिले असते. दाराशी झुंजणाऱ्या माणसाचे लक्ष दारावर असते, रस्त्यावर नसते.

ज्या राज्यात रस्त्यारस्त्यांवर दुचाकींची एवढी वर्दळ आहे, तेथे ही गोष्ट किरकोळ मानता येणार नाही. समाधानाची बाब अशी की, बहुतेक वेळा हा दोष घरच्या घरी, एका सकाळच्या मेहनतीत दूर होतो. त्यासाठी दाराची रचना थोडी समजून घ्यावी लागते.

दार कशावर फिरते?

गाडीचे प्रत्येक दार साधारणपणे दोन बिजागऱ्यांवर पेललेले असते. एक वर, एक खाली. चार दारांच्या गाडीत अशा आठ बिजागऱ्या होतात. प्रत्येक बिजागरीचे एक पान गाडीच्या खांबाला आणि दुसरे दाराला जोडलेले असते. दोन्ही पानांच्या भोकांतून एक उभी पिन जाते. पिन आणि पान एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये पितळेसारख्या मऊ धातूचे किंवा धातूवर गुळगुळीत प्लास्टिकचा थर दिलेले पातळ नळकांडे बसवतात. त्याला गॅरेजच्या भाषेत बुश म्हणतात. काच, काच फिरवणारी यंत्रणा, आतील पत्रा आणि अस्तर धरून एका दाराचे वजन सहज वीस-तीस किलोंच्या घरात जाते. हा सारा भार बोटाएवढ्या जाडीच्या दोन पिनांवर असतो.

दोन बिजागऱ्यांच्या मध्ये आणखी एक भाग असतो, तो म्हणजे दार ठरावीक अंतरावर रोखून धरणारी पट्टी. कोणी तिला डोअर चेक म्हणतात, कोणी स्टॉपर. दार उघडताना मध्येच एक-दोन ठिकाणी अडकल्यासारखे वाटते, ते या पट्टीवरील उंचवट्यांमुळे. उतारावर दार आपोआप मिटू नये किंवा वाऱ्याने पूर्ण फाकून पुढच्या पत्र्यावर आदळू नये, ही तिची जबाबदारी. याखेरीज दाराच्या कडेने फिरणारी रबरी पट्टी असते आणि दारातील तारा ज्यातून जातात ती रबरी नळीही याच भागात असते. ‘दार जड झाले’ असे आपण म्हणतो तेव्हा यांपैकी कोणताही भाग दोषी असू शकतो.

गोव्यात हे लवकर का होते?

लोखंडाला गंज चढण्यासाठी पाणी आणि हवा या दोहोंची गरज असते. पाण्यात मीठ मिसळले की ही प्रक्रिया कितीतरी वेगाने होते. गोव्यात वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. किनारपट्टीवर उरलेले आठ महिने खारे वारे असतातच. बिजागरीच्या फटीत शिरलेले पाणी सहज वाळत नाही. आधीचे वंगण धुऊन गेलेले असेल, तर पिनेवर गंज धरू लागतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागते. पिन आणि बुश यांच्यातली फट मुळातच केसाएवढी असल्याने ती भरून जाते आणि दार आवळले जाते.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. जांभ्या मातीची तांबडी धूळ बिजागरीतल्या जुन्या ग्रीसमध्ये मिसळली की तिचा घट्ट चिखल होतो. हा चिखल दार जड करतोच, शिवाय पॉलिश पेपरसारखा पिन झिजवत राहतो. गंजाने दार घट्ट होते, तर धुळीने ते आधी घट्ट आणि झीज झाल्यावर पुढे सैल होते. म्हणून बिजागरीवर नुसते तेल सोडणे पुरत नाही. आधी आतली घाण बाहेर काढावी लागते.

आणखी एक कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. गाडीचे डेंटिंग-पेंटिंग झाल्यानंतर दार जड झाले असेल, तर बिजागरीच्या सांध्यावर रंग वाळून बसलेला असू शकतो किंवा दार बसवताना ते किंचित तिरके बसलेले असू शकते. अशा वेळी घरी खटपट करण्याआधी काम करणाऱ्याकडे गाडी परत नेऊन दाखवावी.

आधी निदान, मग औषध

गाडी सपाट जागी उभी करावी. उतारावर दाराचा जडपणा खरा कळत नाही. मग पुढील चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट : दोन बोटांनी दार अगदी सावकाश उघडावे. पहिल्याच क्षणी चिकटल्यासारखे होऊन नंतर दार मोकळे फिरत असेल, तर दोष रबरी पट्टीचा. एक-दोन ठरावीक ठिकाणी झटका बसत असेल किंवा ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर दोष रोखणाऱ्या पट्टीचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच जडपणा असेल आणि करकर होत असेल, तर दोष बिजागरीचा. दार हलके फिरते, परंतु आतली किंवा बाहेरची कडी ओढायलाच जोर लागतो, असे असेल तर बिजागरीचा काही संबंध नाही. कडी आणि कुलपाकडे लक्ष द्यावे.

दुसरी गोष्ट : दार अर्धे उघडून त्याची मोकळी कड दोन्ही हातांनी हलकेच वर उचलून पाहावी. ते खालीवर हलत असेल तर पिन किंवा बुश झिजलेले आहे. वंगणाने आवाज थांबेल, झीज भरून निघणार नाही.

तिसरी गोष्ट : दार बंद करून त्याच्या चारही बाजूंची फट निरखावी. ती एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद दिसत असेल, तर दार खाली उतरले आहे. खांबावरच्या ज्या आकड्यात कुलूप अडकते, त्यावर घासल्याच्या ताज्या खुणा असतील तर त्यालाही दुजोरा मिळतो.

चौथी गोष्ट : घरातल्या कोणाला तरी दार सावकाश हलवायला सांगावे आणि बिजागरीच्या बाहेरच्या अंगावर बोट टेकवून ठेवावे. जी बिजागरी कोरडी आहे तिची थरथर बोटाला स्पष्ट जाणवते. बोट फटीत मात्र कधीही घालू नये.

काय वापरावे, काय वापरू नये

आपल्याकडे कुठल्याही कुरकुरीवर पहिला उपाय म्हणजे खोबरेल तेल. घराच्या लाकडी दारापुरते ते चालून जाते, गाडीला चालत नाही. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठू लागते आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गोव्यातही पारा त्याखाली उतरतो. शिवाय ते धूळ ओढून घेते आणि काही दिवसांनी खवट होते. सूर्यफुलासारखी स्वयंपाकाची इतर तेले हवेत राहून चिकट होत जातात. इंजिनातून काढलेले काळे तेलही वापरू नये. त्यात धातूचा कीस आणि काजळी असते, ते पातळ असल्याने ओघळते आणि कपड्यांना डाग पाडते.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे डब्ल्यूडी-४०. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे १९५३ साली तयार झालेल्या या द्रवाच्या नावातच त्याचे मूळ काम सांगितलेले आहे. डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारे, आणि चाळीस हा आकडा जुळून आलेल्या चाळिसाव्या प्रयत्नाचा. फटीत शिरणे, पाणी हटवणे आणि गंज सैल करणे यांत अशा फवाऱ्यांचा हात धरणारे दुसरे काही नाही. तथापि त्यांतला बराच भाग उडून जातो आणि मागे उरतो तो तेलाचा पातळ थर. वीस-तीस किलोंचे दार पेलणाऱ्या पिनेला तो फार काळ पुरत नाही. नुसता फवारा मारून समाधान मानणाऱ्यांचे दार म्हणूनच काही आठवड्यांत पुन्हा कुरकुरू लागते. फवाऱ्याने साफसफाई करावी आणि वंगणासाठी ग्रीस वापरावे, हा सोपा नियम लक्षात ठेवावा.

दाराच्या बिजागऱ्यांसाठी पांढरे लिथियम ग्रीस उत्तम. ते जागच्या जागी राहते आणि पाण्याने सहजासहजी धुऊन जात नाही. ते न मिळाल्यास चाकांच्या बेअरिंगसाठी विकले जाणारे साधे लिथियम ग्रीसही चालेल. त्याचा डाग गडद पडतो एवढेच. याखेरीज गंज सैल करणारा, बारीक नळी असलेला फवारा, जुना टूथब्रश, सुती फडकी, वर्तमानपत्राचे कागद, हातमोजे, डोळ्यांसाठी चष्मा आणि रबरासाठी सिलिकॉनचा फवारा एवढे साहित्य पुरते. रॉकेल शक्यतो टाळावे. ते रबराला मारक ठरते.

कृती

पाऊस नसलेला दिवस निवडावा. हँडब्रेक लावावा. जवळ आग, पेटती उदबत्ती किंवा सिगारेट नसावी, कारण हे फवारे ज्वालाग्राही असतात. बिजागरीचा भाग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसून घ्यावा, म्हणजे मीठ आणि माती निघून जाईल. तो कोरडा होऊ द्यावा.

आता आजूबाजूच्या रंगावर आणि आसनांवर कागद लावावेत. मागच्या दाराच्या बिजागऱ्या पुढच्या सीटबेल्टजवळ असतात. पट्ट्यावर तेल अजिबात उडू देऊ नये. त्याचा धागा कमकुवत होण्याचा धोका असतो. तारांच्या रबरी नळीवर आणि विजेच्या जोडण्यांवरही फवारा जाऊ देऊ नये.

दार पूर्ण उघडून टूथब्रशने बिजागरीवरचा चिखल खरवडावा. मग फवाऱ्याची नळी पिनेच्या वरच्या टोकाशी आणि दोन पाने जेथे मिळतात त्या फटीशी टेकवून थोडा थोडा द्रव सोडावा. वरच्या बिजागरीपासून सुरुवात करावी, म्हणजे ओघळणारी घाण धुतलेल्या भागावर पडणार नाही. दहा-पंधरा मिनिटे थांबावे. द्रवाला आत झिरपायला वेळ लागतो. घाईत केलेले काम येथेच फसते.

नंतर दार सावकाश वीस-पंचवीस वेळा उघडावे आणि मिटावे. सांध्यातून तांबूस किंवा काळा द्रव बाहेर येईल. तो पुसावा, पुन्हा फवारा मारावा, पुन्हा दार हलवावे. बाहेर येणारा द्रव स्वच्छ दिसू लागेपर्यंत हे चालू ठेवावे. साध्या जडपणाला दोन फेऱ्या पुरतात, गंजलेल्या बिजागरीला चार-पाचही लागतात. गंज फारच असेल तर रात्रभर द्रव मुरू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा. या काळात दाराला झटके देऊ नयेत.

सांधा मोकळा झाला की तो पुसून तासभर कोरडा होऊ द्यावा. मग वाटाण्याएवढे ग्रीस पिनेच्या वरच्या टोकाशी आणि पानांच्या फटीत ब्रशने भरावे. दार पुन्हा वीसेक वेळा हलवले की ते आत ओढले जाईल. बाहेर उरलेले ग्रीस न विसरता पुसावे. बाहेर राहिलेले वंगण सांध्याच्या काहीच उपयोगाचे नसते, उलट तेच पुढच्या धुळीला आमंत्रण ठरते.

रोखणाऱ्या पट्टीच्या दोन्ही अंगांना ग्रीसचा पातळ हात द्यावा. रबरी पट्ट्या ओल्या फडक्याने पुसून, वाळल्यावर त्यांना सिलिकॉनचा हलका फवारा फडक्यावर घेऊन लावावा. रबराला ग्रीस लावू नये. ते फुगते आणि मऊ पडते. दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरण्यासाठी बारीक भोके असतात, तीही याच वेळी लाकडी काडीने मोकळी करावीत. ती बुजली तर पावसाचे पाणी दारातच साठते. दार हलवताना आत डुचमळल्याचा आवाज येत असेल तर हेच झालेले असते. असे दार वजनाने जड होतेच, शिवाय आतून कुजू लागते.

चारही दारांचे मिळून हे काम दीड-दोन तासांत आटोपते. मधला थांबण्याचा वेळ एका दाराकडून दुसऱ्याकडे जाण्यात सत्कारणी लागतो.

येथे थांबावे

घरगुती उपायाची सीमा ओळखणे हाही दुरुस्तीचाच भाग आहे. रात्रभर द्रव मुरवूनही दार सैल होत नसेल, तर पिनेवर हातोडा चालवू नये. बिजागरी वाकली की दार कायमचे तिरके होते. ज्योतीने तापवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. रंग, रबर, तारा आणि आताच मारलेला ज्वालाग्राही द्रव हे सारे तेथेच असते.

दार खालीवर हलत असेल, बंद करताना उचलून लोटावे लागत असेल, तर ते काम गॅरेजचे. काही गाड्यांमध्ये बिजागऱ्या बोल्टने बसवलेल्या असतात, काहींमध्ये त्या वेल्ड केलेल्या असतात. बोल्ट असले तरी ते एकट्याने सैल करू नयेत. दाराचा भार अचानक हातावर येतो, तारा ताणल्या जातात आणि पुन्हा बसवताना चारही बाजूंची फट जुळवणे सरावाशिवाय जमत नाही. दाराखाली जॅक लावून ते वर उचलण्याची युक्तीही टाळावी. तिने दार सरळ होण्याऐवजी पत्रा दुमडण्याची शक्यता अधिक.

बिजागरी ज्या खांबाला जोडलेली आहे तेथील रंगाला फोड आले असतील, पत्रा दाबल्यावर कुरकुरत असेल किंवा चीर दिसत असेल, तर विलंब न करता गाडी दाखवावी. हा गंज पिनेपुरता उरलेला नसतो. अपघाताच्या वेळी दार जागेवर राहणे आणि ते मिटलेले राहणे, या दोन्ही गोष्टी त्या पत्र्याच्या बळावर अवलंबून असतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही चारही दारे उचलून पाहावीत आणि हा भाग विजेरीच्या प्रकाशात तपासावा.

वर्षातून दोनदा

एकदा साफ केलेली बिजागरी वर्षानुवर्षे तशीच राहील अशी अपेक्षा ठेवू नये. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात एकदा आणि पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या तोंडावर एकदा असा नेम ठेवला तर पुरे. समुद्राच्या अगदी जवळ राहणाऱ्यांनी दर तीन महिन्यांनी नजर टाकावी. नियमित निगा असेल तर प्रत्येक वेळी पूर्ण सफाईची गरज पडत नाही. जुने वंगण पुसून नवे लावले की भागते. गाडी धुतल्यावर दारे थोडा वेळ उघडी ठेवून सांधे वाळू देण्याची सवय लावली तर काम आणखी हलके होते.

आणि दार हलके झाल्यावर एक सवय बदलण्याजोगी आहे. चालकाने उजव्या बाजूचे दार डाव्या हाताने उघडावे. तसे केले की अंग आपोआप वळते आणि नजर मागच्या रस्त्याकडे जाते. घट्ट दार असे उघडता येत नाही, त्याला खांदाच लावावा लागतो. आमच्या गाडीचे दार आता डाव्या हाताच्या चार बोटांनी उघडते. बाबा ते थोडेसे उघडतात, मागे पाहतात आणि मगच पाय बाहेर टाकतात.